कोणती ‘कट्यार’ घ्यावी? जुन्या नाट्यपदांच्या नव्या आवृत्त्या निवडताना

‘कट्यार काळजात घुसली’ची मूळ गाणी हवी आहेत, पण फोनवर शोधलं की त्याच नावाचे अनेक संच समोर येतात, त्यातला मूळ कोणता? वडिलांना बालगंधर्व ऐकवायचे आहेत. एका सीडीवर खरखर आहे, दुसरीवर आवाज स्वच्छ आहे पण वडिलांना तो पटत नाही. मग कोणती घ्यावी? निगडी, चिंचवड, भोसरीपासून चाकणपर्यंतचे वाचक असे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. ‘कट्यार’वरचा २०१५चा आणि ‘मानापमान’वरचा २०२५चा चित्रपट पाहून मूळ पदांकडे वळलेले तरुण वाचकही त्यांत आहेत.

एकच क्रम लक्षात ठेवा. आधी कोणाचं गाणं हवं ते ठरवा. मग ते कुठल्या प्रतीवरून उतरवून घेतलं आहे ते पाहा. सीडी, व्हिनाइल की फोन, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि महागडा टर्नटेबल घरी आल्यावर भलत्याच गायकाची तबकडी त्यावर फिरू लागते.

नाटकाचं नाव पाहू नका, गायकाचं पाहा

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार’ नाट्यसंपदा या संस्थेनं २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगमंचावर आणलं. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. भूमिका अशा: खाँसाहेब आफताब हुसेन डॉ. वसंतराव देशपांडे, पंडितजी भार्गवराम आचरेकर, सदाशिव प्रसाद सावकार आणि झरीना फैय्याज. या पदांच्या ध्वनिमुद्रिका एचएमव्हीनं काढल्या. तीच कंपनी आज सारेगामा या नावानं ओळखली जाते. आज ‘कट्यार’ या नावाखाली तुमच्यासमोर साधारण असे प्रकार येतात:

- वसंतराव, प्रसाद सावकार, फैय्याज यांच्या आवाजातली मूळ नाटकाची पदं.
- वसंतरावांनी नंतर मैफलींत गायलेली तीच पदं. ती लांब आणि अधिक मोकळी असतात.
- पुढे नाटक पुन्हा रंगमंचावर आणणाऱ्या राहुल देशपांडे यांची आणि त्यांच्या पिढीच्या गायकांची मुद्रणं.
- २०१५च्या चित्रपटाची गाणी. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं, काही चाली अभिषेकींच्या.
- कोणा तिसऱ्याच गायकानं नव्यानं गायलेल्या ‘व्हर्जन’ आवृत्त्या. यांच्या वेष्टणावर नाटकाचं नाव मोठं आणि गायकाचं नाव बारीक असतं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे पदांची यादी. यादीत ‘सूर निरागस हो’, ‘मनमंदिरा’ किंवा ‘अरुणी किरणी’ दिसलं तर तो संच चित्रपटाचा आहे, कारण ही गाणी १९६७च्या नाटकात नव्हती. (‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते गाणं हवंच असेल तर चित्रपटाचा संच जरूर घ्या, फक्त मूळ नाटकाचा म्हणून घेऊ नका.) दुसरी खूण जाणकारांची: ‘घेई छंद मकरंद’ला नाटकात दोन चाली आहेत, कारण दोन घराण्यांची टक्कर हाच नाटकाचा विषय आहे. निवडक गाण्यांच्या संचात त्यातली एकच चाल ठेवली जाते आणि नाटकाचा मुद्दाच निसटतो. दोन्ही चाली ज्या आवृत्तीत आहेत ती आधी पाहा.

पैसे एकाच संचापुरते असतील तर माझं मत स्पष्ट आहे: वसंतरावांचा मूळ संच. अभिषेकींनी खाँसाहेबांच्या भूमिकेच्या चाली बांधल्या तेव्हा गाणारा गळा त्यांच्या समोर होता. ते नातं नंतरच्या कोणत्याही मुद्रणात नाही, मग ते कितीही उत्तम असो.

‘मानापमान’ आणि बालगंधर्व यांच्या बाबतीत घोळ आणखी जुना आहे. ‘मानापमान’ १९११चं, संगीत गोविंदराव टेंबे यांचं. नायिका भामिनीची पदं बालगंधर्वांची, नायक धैर्यधराची दीनानाथ मंगेशकरांची, नंतरच्या अनेक गायकांची आणि आता चित्रपटाचीही. नुसतं ‘बालगंधर्व’ असं शोधलं तर २०११च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटातली आनंद भाटे यांनी गायलेली पदं पुढे येतात. ती सुरेल आहेत, पण बालगंधर्वांचा, म्हणजे नारायणराव राजहंसांचा, स्वतःचा आवाज त्यांत नाही. आजोबांना ‘हा आवाज तो नव्हे’ असं वाटत असेल तर आधी हीच शक्यता तपासा.

मूळ प्रत कोणती होती?

बालगंधर्वांच्या काळातल्या तबकड्या मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. रंगमंचावर वन्स मोअर घेत लांबत जाणारं पद त्यात कोंबावं लागे. त्यामुळे ‘पूर्ण पद’ असा दावा करणारी आवृत्ती दिसली तर ते पद किती मिनिटांचं आहे ते आधी बघा. तीन मिनिटांच्या तबकडीवरून सहा मिनिटांचं पद निघत नाही. दोन्ही बाजू जोडल्या असतील, नाहीतर दुसरंच मुद्रण असेल.

ही पदं पुढे एलपीवर आली, मग कॅसेटवर, सीडीवर, आता फोनवर. प्रत्येक उतरवणीत काहीतरी गळतं आणि काहीतरी चिकटतं. चांगल्या ७८च्या तबकडीवरून थेट उतरवलेली आवृत्ती आणि कॅसेटवरून उतरवलेल्या सीडीवरून पुन्हा उतरवलेली आवृत्ती, दोन्हींच्या वेष्टणावर ‘डिजिटली रीमास्टर्ड’ असंच छापलेलं असू शकतं. तेवढ्या दोन शब्दांवरून मूळ प्रतीबद्दल काहीच कळत नाही. प्रश्न असा विचारा: उतरवणी कशावरून केली, मूळ तबकडीचा क्रमांक काय, मुद्रण कोणत्या साली? ज्या आवृत्तीच्या पुस्तिकेत ही उत्तरं आहेत ती घ्या, वेष्टण साधं असलं तरी. तबकडीचे क्रमांक पडताळायचे असतील तर १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संग्राहकांच्या संस्थेचं नियतकालिक उपयोगी पडतं.

एकाच पदाच्या इतक्या आवृत्त्या का निघतात, याचं कारण कायद्यात आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट ते प्रकाशित झालेल्या वर्षानंतर ६० वर्षं राहतो. १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा हक्क २०२०च्या अखेरीस संपला. म्हणजे बालगंधर्वांच्या आणि दीनानाथांच्या काळातल्या तबकड्या आता कोणीही उतरवून विकू शकतो, नीट किंवा कशाही. ‘कट्यार’चं तसं नाही. १९६८ साली प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रिका २०२८च्या अखेरपर्यंत हक्काखाली राहते. म्हणून मूळ ‘कट्यार’ हक्कदार कंपनीची किंवा तिच्या परवान्यानं निघालेलीच असली पाहिजे. तिसऱ्याच नावाची ‘मूळ कट्यार’ दिसली तर एकतर ती चोरटी प्रत आहे किंवा त्यात मूळ गायक नाहीत.

पट्टी तपासा

हा दोष सर्वांत जास्त आढळतो आणि फार थोड्यांच्या लक्षात येतो. ‘७८ फेरे’ ही मोजपट्टी जुन्या काळात काटेकोर नव्हती. तबकडी कोरताना यंत्र थोडं हळू किंवा जलद फिरे. आज उतरवताना तीच गती धरली नाही तर गायकाची पट्टी बदलते. गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढली की काळी एकची पांढरी दोन होते. नुसता ७८च्या जागी ८० फेरे एवढा फरक पडला तरी सूर त्या दोन पट्ट्यांच्या मधोमध जाऊन बसतो. आवाज चिरका होतो, ताना घाईच्या वाटतात, आणि ऐकणारा म्हणतो, ‘आवाज स्वच्छ आहे, पण हे ते नव्हेत.’ वडिलांचा कान खरा असतो.

तपासायचं असं:

- एकाच पदाच्या दोन आवृत्त्या लावा आणि दोन्हींची लांबी सेकंदांपर्यंत बघा. तीन मिनिटांच्या पदात दहा सेकंदांचा फरक असेल तर दोन्हींची गती एक नाही. (सुरुवातीची-शेवटची खरखर कापली आहे का, तेही बघा, फरक कधीकधी तिथला असतो.)
- फोनवरचा तानपुरा लावून षड्ज जुळवा. तो दोन पट्ट्यांच्या मधे लटकत असेल तर शंका घ्या. पण लगेच निकाल देऊ नका. जुन्या ऑर्गनचे सूर आजच्या पेटीशी तंतोतंत जुळतीलच असं नाही.
- स्वतःला सुरांचं ज्ञान नसेल तर ओळखीच्या पेटीवाल्याला ऐकवा. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे नाट्यगृहात किंवा संत तुकारामनगरच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात नाट्यसंगीताचा कार्यक्रम असेल तेव्हा साथीदारांना कार्यक्रमानंतर विचारा. असे प्रश्न कोणी विचारले की त्यांना आनंदच होतो.

खरखर किती काढलेली चांगली?

दुकानात किंवा फोनवर तुलना करताना खरखर नसलेली आवृत्ती पहिल्या दहा सेकंदांत जिंकते. तिला तिथंच जिंकू देऊ नका. खरखर ज्या ध्वनिपट्ट्यात असते त्याच पट्ट्यात ‘स’, ‘श’, ‘च’ची धार असते, श्वास असतो, सारंगीच्या गजाचं घर्षण असतं. खरखर खरवडून काढली की हे सगळं तिच्यासोबत जातं. उरतो तो ब्लँकेटखालून आल्यासारखा आवाज. नाट्यपदात शब्द हा निम्मा जीव असतो. शब्द कळेनासे झाले तर पद उरत नाही.

ऐकताना एवढं तपासा:

- ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू येतात का?
- तान संपताना आवाज नैसर्गिकपणे विरतो, की झटकन कापल्यासारखा जातो?
- तबल्याचा ‘ना’ टणक येतो, की मऊ पडला आहे? बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळीच्या रंगमंचावर उस्ताद अहमदजान थिरकवाँसारखे तबलिये होते. तबला ऐकू न येणारी आवृत्ती मला अपुरी वाटते.
- गायन थांबतं त्या क्षणी मागची हलकी खरखर अचानक गायब होते आणि गाणं सुरू झालं की परत येते का? तसं होत असेल तर यंत्रानं अवाजवी काटछाट केली आहे.

हलकी, एकसारखी खरखर असलेली प्रामाणिक उतरवणी घ्या. पाच मिनिटांत कानाला तिची सवय होते. कापलेला आवाज मात्र पुन्हा मिळत नाही.

एलपीच्या जमान्यातला एक सापळाही माहीत असू द्या. मूळ एकमार्गी, म्हणजे मोनो, मुद्रण यंत्रानं दोन बाजूंना फाकवून ‘स्टिरिओ’ म्हणून विकायची तेव्हा पद्धत होती. त्यात गायक एका बाजूला झुकल्यासारखा वाटतो आणि आवाज पोकळ होतो. मोनो मुद्रणाची मोनो आवृत्तीच घ्या. एचएमव्हीच्या जुन्या एलपींवर क्रमांकाआधी ‘ईसीएलपी’ किंवा ‘ईएएलपी’ असेल तर ती मोनो, ‘ईसीएसडी’ किंवा ‘ईएएसडी’ असेल तर स्टिरिओ.

मग माध्यम कोणतं?

इथं फार विचार नको. तुम्ही कुठं ऐकता त्यावर हे ठरतं.

- पाळीला जाता-येता: आपल्या पट्ट्यातल्या अनेकांना गाण्यासाठी वेळ मिळतो तो कंपनीच्या बसमध्ये किंवा नाशिक फाटा ते चाकणच्या वाहतूककोंडीत. नव्या गाड्यांत बहुधा सीडी प्लेअर नसतो. पेनड्राइव्ह किंवा फोन पुरेसा आहे. पण आवृत्तीची निवड गाडीत करू नका. इंजिनाच्या आवाजात आलाप बुडतात आणि सगळं एका पातळीवर चढवलेली भडक आवृत्ती उगाच चांगली वाटते. निवड घरी, रात्री करा.
- घरातल्या ज्येष्ठांसाठी: बटण दाबलं की वाजणारी, आधीच गाणी भरलेली ‘कारवाँ मराठी’सारखी यंत्रं सोयीची. घेण्याआधी सोबतची गाण्यांची यादी वाचा आणि हवी ती नाट्यपदं मूळ गायकांची आहेत का ते बघा.
- जपून ठेवायचं असेल तर: पुस्तिकेसह सीडी. नाटकाची, गायकांची, साथीदारांची माहिती तिथंच मिळते. ७८च्या तबकड्यांवरून काढलेल्या पदांना सीडीहून उच्च दर्जाच्या महाग फायलींची गरज नाही. त्या तबकडीत मुळातच तेवढं साठवलेलं नसतं.
- व्हिनाइल: नवी छापलेली एलपी हातात धरायला सुरेख वाटते. मूळ टेपवरून छापली आहे की डिजिटल प्रतीवरून, हे लिहिलेलं नसेल तर केवळ आवाजासाठी जास्त पैसे मोजू नका.

फोनवरच्या वर्गणीत तुम्ही काही विकत घेत नसता, हेही ध्यानात असू द्या. वर्गणी संपली की उतरवलेली गाणी बंद होतात, आणि कंपनीनं एखादा संच काढून टाकला तर तो तुमच्याकडूनही जातो.

जुनी तबकडी घेताना

पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी तबकड्या दिसतात. पिंपरीहून मेट्रोनं सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंगळवार पेठ स्थानकावर उतरता येतं. तिथं पावती आणि परतावा मिळेल अशी आशा धरू नका. जे तपासायचं ते जागेवरच तपासा.

- पाकीट आणि आतली तबकडी एकाच संचाची आहे का? लेबलवरचा क्रमांक पाकिटाशी जुळवा.
- तबकडी डोळ्यासमोर आडवी धरून बघा. ती लाटेसारखी वाकलेली असेल तर सोडून द्या.
- उन्हात तिरकी धरा. बोटाला लागणारा ओरखडा वाजतो, नुसता दिसणारा बहुधा वाजत नाही. पांढरट ठिपके ही पावसाळ्यातली बुरशी. ती धुतल्यावर बरीचशी जाते.
- लाखेच्या तबकडीला कडेपासून आत गेलेली बारीक भेग असेल तर घेऊ नका.

घरी आणल्यावर दोन गोष्टी कटाक्षानं पाळा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कोणतंही द्रव लावू नका, त्यात लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे. लेबल भिजू देऊ नका. आणि एलपीची सुई ७८च्या तबकडीवर लावू नका. ७८ची खाच बरीच रुंद असते. बारीक सुई तळाला घासते, आवाज खराब येतो आणि सुईही जाते. ७८साठी वेगळी, जाड टोकाची सुई लागते. प्लेअर घेताना ती बसते का, हे आधी विचारा.

घरात आजोबांच्या तबकड्या असतील तर नवी आवृत्ती शोधण्याआधी त्याच नीट उतरवून घ्या. आधी काहीही न काढता, खरखरीसकट एक प्रत डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवा. साफसफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. स्वतः ऐकण्यासाठी अशी प्रत करायला कायद्यात मुभा आहे. सर्वांसाठी चढवणं ही वेगळी गोष्ट. मुद्रणाचा हक्क संपला असला तरी शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात.

वेष्टणावर काय असलंच पाहिजे, आणि नसेल तर

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ नुसार प्रत्येक ध्वनिमुद्रिकेवर आणि तिच्या वेष्टणावर तीन गोष्टी छापणं बंधनकारक आहे: मुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, कॉपीराइट असलेल्याचं नाव-पत्ता, आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. हे न पाळणं हा गुन्हा आहे. तुमच्यासाठी यातली तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. वर्तुळातल्या ‘पी’ या इंग्रजी अक्षरापुढचं साल काही वेळा पुनर्प्रकाशनाचं असतं. ‘कट्यार’च्या संचावर फक्त २००५ किंवा २०१० असं साल दिसलं तर मूळ साल कुठं आहे ते विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर संच परत ठेवा.

ऑनलाइन मागवलेली वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, म्हणजे ‘मूळ गायक’ असं लिहून दुसऱ्याच गायकाची आली, बनावट निघाली किंवा वाकलेली आली, तर ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. त्यासाठी:

- मागणी नोंदवण्याआधी विक्रीपानावरच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट घ्या. नंतर ते वर्णन बदललेलं असू शकतं.
- खोकं उघडताना सलग चित्रीकरण करा. तबकडीच्या दोन्ही बाजू त्यात दाखवा.
- तक्रार लेखी करा. तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निकाल द्यायचा असतो.
- तिथं दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा.
- त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असो की कोलकात्याचा, तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणकरांसाठी तो पुणे जिल्ह्याचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी, म्हणून खरेदीची पावती तोवर सीडीच्या डबीतच घडी करून ठेवा.